केशोरीतले बिब्याचे डाग

नाशिकला परत आल्यावर दुकानातल्या बायकांनी पहिला प्रश्न केला, "गोंदियाकडे पाहायला काय आहे?" मी म्हटलं, तळी आहेत, जंगल आहे, आणि जुलैअखेर गेलात तर नजर पोचेल तिथवर गुडघाभर पाण्यात वाकून उभ्या असलेल्या बायका आहेत. पण मी पाहायला गेले नव्हते, विचारायला गेले होते. माझ्या आईचं दुखणं खरं होतं की ढोंग होतं, एवढी एकच गोष्ट मला तिथून आणायची होती.

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर प्रवासाला अर्थ राहणार नाही. माझा जन्म केशोरीचा, गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, धानाच्या मुलखात. मी नऊ वर्षांची असताना आईनं मला नाशिकच्या आत्याकडे देऊन टाकलं. दोन्ही भाऊ घरी ठेवले. आत्या साड्यांचं गाठोडं घेऊन दारोदार फिरायची, मी तिच्या मागून दुसरं गाठोडं घेऊन. पुढे आत्या गेली आणि माझं दुकान माझ्या जिभेच्या जोरावर उभं राहिलं. घासाघीस करण्यात मला सहसा कुणी हरवत नाही आणि माझा राग तर सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण त्या रागाच्या तळाशी नऊ वर्षांची मुलगी बसलेली होती. ती म्हणत होती, माझी आई दुपारी पडून राहायची, तिला काम नको होतं, मीही नको होते.

मग पंचेचाळिशी ओलांडल्यावर माझंच अंग दुखायला लागलं. एक जागा नाही, सगळीकडे. सकाळी उठले की रात्रभर कुणी तुडवल्यासारखं वाटायचं. साडीची घडी मोडताना कोपर भाजल्यासारखं व्हायचं. रक्त तपासलं, एक्स-रे काढले, सगळं नॉर्मल. "सगळं नॉर्मल" हे ऐकून मी दोन डॉक्टरांशी भांडले. शेवटी सांध्यांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मानेच्या मागे, खांद्यांवर, कोपरांच्या बाजूला, कमरेखाली, गुडघ्यांच्या आत अंगठ्यानं दाबलं. मी ओरडले आणि त्यांचा हात झटकला. त्या शांतपणे म्हणाल्या, "फायब्रोमायल्जिया."

हाडं, स्नायू ठीक आहेत. नसा आणि मेंदू मिळून दुखण्याचा आवाज फार मोठा करून ऐकतात, असं त्यांनी समजावलं. आणि विचारलं, "आईला असं काही होतं? मावश्यांना?"

"का?"

"हे घराण्यात चालतं. एकच जीन असा नाही, पुष्कळ जीनांचा थोडा थोडा हात असतो. आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता वाढते. पण होईलच असं नाही. झोप, आजारपणं, लहानपणीचे धक्के, यांचाही वाटा असतो."

"मग रक्त तपासून नक्की सांगा."

"तशी तपासणी नाही."

नक्की काहीच न सांगणाऱ्या व्यापाऱ्याच्या दुकानातून मी उठून येते. पण त्यांचा प्रश्न मला सोडून देता येईना. आईला जाऊन दहा वर्षं झाली होती. तिच्या तेराव्याला सकाळी गेले होते आणि संध्याकाळी निघाले होते. वडीलही नव्हते, भाऊ गाव सोडून गेलेले. आता विचारायला एकच माणूस उरलं होतं, शेवंतामावशी. आईची धाकटी बहीण आणि तिची जाऊही. दोघी बहिणी एकाच घरात दिलेल्या होत्या. हे सगळं दोन हजार अकरा सालातलं.

गोंदिया

गाडीतलं काही सांगत नाही. बसले, अवघडले, उतरले.

गोंदिया स्टेशनच्या बाहेर मराठी बोलायला सुरुवात केली की समोरचा हिंदीत उत्तर देतो आणि थोड्या वेळानं आपणही हिंदीत भांडायला लागतो. पोहे मागितले तर वर लाल तर्री ओतून मिळाले. नाशिकला आम्ही पोह्यांवर खोबरं घालतो आणि वाईट मानत नाही. इथल्या माणसानं मी तर्री नको म्हटल्यावर माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

लॉजवरची गादी पाटासारखी होती. मी मालकाकडे दुसरी गादी मागितली. तो म्हणाला, एका खोलीला एकच. मी म्हटलं, मग दोन खोल्यांच्या गाद्या एका खोलीत टाका आणि दुसऱ्या खोलीत तुम्ही झोपा. त्यानं दुसरी गादी दिली. झोप तरीही आली नाही. दुसऱ्याला वाटतं गादी मऊ हवी. पण ज्याला हे दुखणं आहे त्याला चादरीची घडीसुद्धा टोचते.

सकाळी जीप ठरवताना जीपवाला काकुळतीला आला. "दीदी, सुबह की पहली सवारी हो, थोडा तो सोचो."

"पहली हूँ इसीलिए बोल रही हूँ. मुझसे बोहनी खराब करेगा क्या?"

तो हसला आणि माझ्या भावात तयार झाला. मग वाटेत त्यानं दोनदा खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, घ्यायला गाडी थांबवली. मी ओरडले तर म्हणाला, "आपने भाव तोड़ा, मैं टाइम तोड़ रहा हूँ." या माणसाचं मला पटलं. परतताना त्याच्याशी घासाघीस केली नाही.

कोहमाऱ्याहून पुढे

महामार्ग सोडून जीप दक्षिणेकडे वळली आणि सगळं हिरवं झालं. नाशिककडचा हिरवा रंग डोंगरावर असतो, इथला पायाखाली. छोट्या छोट्या बांध्या, प्रत्येकीत आभाळ साचलेलं. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेलं धानाचं शेत. धुऱ्यावरून पुरुष पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या फेकत होते आणि पाण्यातल्या बायका त्या उचलून चिखलात रोवत मागे मागे सरकत होत्या. एवढ्या लांबच्या लांब रांगांत एक पुरुष रोवताना दिसेना. जीपवाल्याला विचारलं.

"रोवना औरतों का काम है दीदी. आदमी नांगर चलाता है."

लहानपणी हे मला माहीत होतं. पण माहीत असलेली गोष्ट पुन्हा विचारावी लागते, एवढी मी लांब गेले होते. नवेगावबांधच्या तळ्याशी उतरून पाय मोकळे केले. आईनं मला धाडलं तेव्हा बस याच रस्त्यानं गेली होती. केशोरी सुटताना मी मागच्या काचेतून बघत होते आणि आई उन्हात उभी राहिली नाही, लगेच झाडाखाली जाऊन बसली. एवढं मला लख्ख आठवत होतं. थोडा वेळसुद्धा उभं राहवलं नाही तिला माझ्यासाठी!

केशोरी

घराचं दार तेच होतं, फक्त बुटकं झालेलं.

"कोन व्हय?" आतून आवाज आला.

"मी बेबी. सुगंधाची."

"सुगंधाची बेबी? मंग दारात काऊन उभी रायली? घर इसरली का?"

मावशी सत्तरीची, वाळून कोळ झालेली, पण आवाज खणखणीत. तिची सून रेखा रोवण्यावरून आली, पोटऱ्यांपर्यंत वाळलेल्या चिखलाचे पांढरे मोजे चढवल्यासारखी. तिनं पाय धुतले आणि तशीच चुलीपुढे बसली. दिवसभर वाकून आलेली बाई पुन्हा वाकते, हे बघताना माझीच कंबर दुखली.

जेवायला भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि वास्त्यांची भाजी, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची. आंबटसर, कुरकुरीत. मी दोनदा घेतली. पोळी-भाकरीचा पत्ता नव्हता.

"पोळी नाई भेटत बाई एथं," मावशी म्हणाली. "नाशिकवाल्यायले भात म्हंजे आजाऱ्याचं जेवन वाटते, मनतेत."

"मी काही म्हटलं का मावशी?"

"तोंड मनून रायलं ना तुयं."

माझा एक नियम आहे, आपल्याला काय हवंय ते समोरच्याला आधी कळू द्यायचं नाही. म्हणून माझ्या दुखण्याचं मी काही बोलले नाही. सहज आले, म्हटलं, गाव पाहावंसं वाटलं.

"अडतीस सालानं?" मावशीनं एवढंच विचारलं आणि मला आणखी भात वाढला.

दुसरा दिवस

सकाळी मी धुऱ्यावरून चालायला गेले आणि पाय घसरून एका बांधीत उतरले. चप्पल चिखलानं ओढून घेतली. रांगेतल्या बायका हसू लागल्या. एकीनं हात घालून चप्पल काढली आणि म्हणाली, "आता उतरलीच तं एक जुडी रोवून जाय ना वो बाई!" मी चार रोपं रोवली. चौथ्याला खांद्यातून कळ गेली आणि मी उभी राहिले. "नाशकातलं पानी, लवकर आटलं," दुसरी म्हणाली. मला रागही आला आणि हसूही. याच रांगेत माझ्या आईला काय काय ऐकावं लागलं असेल, हे त्या क्षणी पहिल्यांदा डोक्यात आलं.

घरी आले तर विहिरीपाशी रेखा मावशीच्या पाठीला तेल लावत होती. उघड्या पाठीवर, मानेच्या दोन्ही बाजूंना, खांद्यांवर, कमरेखाली काळे डाग होते, नाण्याएवढे, जोडीजोडीनं. मावशीनं हात पुढे केला तर कोपरांपाशीही. मी जवळ जाऊन बसले.

"हे काय गं मावशी?"

"बिबा व्हय. बिबा मालूम नाई का तुले?"

बिबा माहीत होता. जंगलातलं ते काळं फळ. त्याचं तेल कातडीला लागलं की जळतं, फोड येतो, डाग जन्मभर राहतो. आईच्या अंगावरही असे डाग होते. माझी आजी, वडिलांची आई, त्यांना कामचोरीचे शिक्के म्हणायची आणि आम्ही पोरं हसायचो. मीही हसायचे.

"एवढे सगळे?"

"जेथं दुखते तेथं लावतेत. जुन्या सगळ्याच बायांच्या आंगावर हायेत."

"सगळ्यायच्या नाई जी आत्याबाई," रेखा सासूला म्हणाली. "माझ्या मायच्या आंगावर दोनच हायेत, गुडघ्यावर. अशी रांगोळी तुमच्या मायेरच्याच बायायवर हाये."

मावशीनं ते नाकारलं नाही. "आमच्या मायले होते," ती म्हणाली. "मोठ्या बहिनीले होते, तिले तं बिबा असा उतला का आंगभर फोड येऊन महिनाभर पडून होती. सुगंधाले माझ्याहून जास्त. मीच लावून द्यायची. सुईवर बिबा धराचा, दिव्यावर तापवाचा, तेल सुटलं का टेकवाचा."

"ओरडायची?"

"नाई. उलटी हासे. मने, वरून आग होते ना शेवंता, तितका वेळ आतलं मालूम नाई पडत."

मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. मान, खांदे, कोपर, कंबर. नाशिकला डॉक्टरीणबाईंचा अंगठा जिथे जिथे टेकला आणि मी जिथे जिथे ओरडले, त्या जागा होत्या या. कुणी तपासलं नव्हतं, कुठे लिहून ठेवलं नव्हतं. या बायकांनी आपल्या हातानं आपल्या कातडीवर ते उमटवून ठेवलं होतं, आणि मी लहानपणापासून ते पाहिलं होतं.

म्हणजे आई ढोंगी नव्हती. हवं होतं ते मला मिळालं होतं. इथे मी थांबायला हवं होतं, पण माझा स्वभाव आडवा आला.

"मग मला का दिलं तिनं?" माझा आवाज चढला. "दुखत होतं म्हणून एक पोरगी जड झाली? दोन पोरं जड नाही झाली?"

रेखा तेलाची वाटी घेऊन उठून गेली. मावशीनं पदर ओढून घेतला.

"बस खाली. वरडू नोको. तिनं तुले जड झाली मनून नाई देल्लं. तिले वाटे का हे दुखनं पान्यातून येते. रोवण्याच्या चिखलातून. आमची माय रोवण्यात दुखली, बहीन दुखली, आमी दोघी दुखलो. मानसं नांगरावर जातेत, रोवण्यात नाई उतरत, त्यायले काई नाई झालं. मंग तिनं काय समजाव? मने, पोरायले भेव नाई. पोरीचा पाय पान्यात पडाच्या आंधी तिले एथून काढतो."

हिशेब बरोबर होता. तिच्याजवळ जेवढा पुरावा होता तेवढ्यावर कुणीही हाच हिशेब केला असता.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"सांगतलं असतं तं तू रायली असती का तिकडं? रडत वापस आली असती. सुगंधा मने, रागानं गेली तं जाऊ दे, रागानं गेलेली तेथंच टिकन."

टिकले. तिला माझी खरीच पारख होती.

मग मला ती भेट आठवली. मी बावीस वर्षांची असताना आई एकदाच नाशिकला आली होती. दुपारी मी गाठोडं बांधत होते आणि ती मागून येऊन माझी मान, खांदे, कोपर चाचपायला लागली. दाबायची आणि विचारायची, "दुखते का वो? एथं? आन एथं?" मला वाटलं, लाड करायला आली आता, एवढ्या वर्षांनी. मी तिचा हात बाजूला केला. म्हटलं, "कुठे काही दुखत नाही माझं. मी काय तुझ्यासारखी पडून राहते?" तिला वाईट वाटेल अशी माझी अपेक्षा होती. ती मात्र एवढी खूश झाली की त्या रात्री तिनं आत्याच्या हातचं पोटभर खाल्लं. तिच्या त्या खूश होण्याचा मला कितीतरी वर्षं राग होता.

मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मालूम हाये. वापस आली तं रोवण्यातल्या बायायले गूळ वाटला. मले मने, शेवंता, पोरगी सुटली. दाबून पायलं, कोठंच नाई दुखत." मग ती माझ्याकडे वळली. "तुले तं नाई ना काई, बेबी?"

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे, बहुतेक सगळं कापडाच्या रंगाबद्दल. "नाही," मी म्हटलं.

निघायचा दिवस

रात्री मी स्वतःशी भांडत होते. खरं सांगावं तर आईनं जे पोटाशी धरून प्राण सोडले ते मावशीच्या डोळ्यांदेखत मोडायचं. न सांगावं तर मावशी राहिलेल्या दिवसांत आणखी बिबे लावत बसणार. शेवटी मला व्यापारी वाट सापडली.

सकाळी मावशी धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या जुड्या मोजायला बसली होती. रोवायला उतरत नाही, पण घरीही राहत नाही. जीप यायला वेळ होता. मी तिच्याजवळ बसले.

"मावशी, नाशिकला माझं एक गिऱ्हाईक आहे. तिला असंच दुखतं, तुमच्यासारखं. तिला डॉक्टरनी सांगितलं, या दुखण्याला नाव आहे. ढोंग नाही."

"रोवण्यात होती का ते?"

"नाही. पाण्यात कधी पायच टाकला नाही तिनं. डॉक्टर म्हणतात, पाण्याचा, चिखलाचा दोष नाही. कष्टानं वाढतं, पण मुळात रक्तातून येतं, थोडं थोडं. आईकडून, बापाकडूनही. येईलच असं नाही, पण येऊ शकतं."

मावशीच्या हातातली जुडी तशीच राहिली. "दवाई?"

"पूर्ण जात नाही. गोळ्या आहेत, झोप सांभाळायची, रोज थोडं थोडं चालायचं. गोंदियाला मोठ्या डॉक्टरला दाखव, मी रेखाला कागदावर लिहून देते. आणि बिबा लावायचा नाही. कातडी जळते, बाकी काही होत नाही."

"त्या बाईले कोठं दुखते?"

"मानेपाशी," मी म्हटलं, "खांद्यांवर, इथे कोपराच्या बाजूला, रात्री जास्त…" आणि मला उमगलं की माझा हात माझ्याच अंगावर फिरतो आहे. मी तो खाली घेतला.

मावशीनं तो पाहिला होता. ती बांधीकडे वळली. पाण्यात बायका मागे सरकत होत्या आणि त्यांच्यापुढे रिकाम्या चिखलाचं शेत होत चाललं होतं.

"त्या बाईची माय हाये का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग तिले सांगजो." मावशी माझ्याकडे बघत नव्हती. "मनाव, तुया मायले मालूम नोतं. मालूम असतं ना, तं तिनं तुले कोठंच धाडलं नसतं. जवळ ठेवलं असतं. दोघी संगंच दुखल्या असत्या."

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. जीपवाल्याला मी हातानं थांब म्हणून खूण केली.

"सांगते," मी म्हटलं.